स्पिल किट, ऑइल सेपरेटर आणि भर पावसात आलेले काका: आमच्या भोसरीच्या वर्कशॉपचा तीन पावसाळ्यांचा रिव्ह्यू

पहिला पाऊस पडला की आमच्या गेटसमोरच्या रस्त्यावर इंद्रधनुष्य दिसायचं. लहानपणी बाबांच्या स्कूटरवर पुढे उभी राहून मी ते बघायचे आणि मला ते फार आवडायचं. ते तेल आहे हे कळायला वेळ लागला, आणि ते आमच्याच गेटमधून येतंय हे मान्य करायला त्याहून जास्त.

भोसरी एमआयडीसीत आमचं मशीनिंगचं वर्कशॉप आहे, बाबांनी सुरू केलेलं, गेली ६ वर्षं मी बघते. ८ सीएनसी आणि ४ व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी धातू कापायची मशीन), २ जुन्या लेथ ज्या बाबा अजून काढू देत नाहीत, एक हायड्रॉलिक प्रेस, स्क्रू कॉम्प्रेसर, डीजी सेट म्हणजे डिझेल जनरेटर, ३५ माणसं. केमिकलचं काम नाही, प्लेटिंग नाही, ॲसिड नाही, त्यामुळे आपण कुठे पाणी खराब करतो असंच आम्हाला कायम वाटायचं. कूलंट (धातू कापताना गार ठेवायला सोडतात ते तेल मिसळलेलं पाणी) मशीनमध्ये, ऑइल ड्रममध्ये, चिप्स म्हणजे कापलेल्या धातूचा कीस भंगारवाल्याकडे, झालं. पण चिप्स भंगारवाल्याकडे जाईपर्यंत १०-१२ दिवस मागच्या यार्डात उघड्यावर पडून असतात, त्यातून कूलंट निथळत असतं, वरून पाऊस येतो आणि ते सगळं धुऊन पावसाळी गटारात नेतो. ही पावसाळी गटारं कुठल्याही एसटीपीला किंवा सीईटीपीला, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या केंद्राला, जात नाहीत बरं का, हे खूप जणांना माहीत नसतं, ती थेट नाल्याला जातात आणि आमच्या बाजूचा नाला जातो इंद्रायणीला. आणि वेळ बघा कशी येते, पहिला जोराचा पाऊस जूनमध्ये, आणि साधारण त्याच सुमाराला ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून माउलींची पालखी निघते. माझी मावशी दरवर्षी जाते, निघायच्या आधी घाटावर आंघोळ करते. आठ महिने यार्डात साठलेलं जे काही असतं ते पहिल्या अर्ध्या तासात नदीकडे निघतं आणि माझी मावशी त्याच नदीत उभी असते. हे एकदा डोक्यात बसल्यावर मला शांत बसवेना, म्हणून २०२३ च्या पावसाळ्याआधी मी खरेदीला लागले. तेव्हापासून काय काय घेतलं, काय चाललं, काय वाया गेलं ते सगळं लिहिते. विकणाऱ्यांची नावं लिहिणार नाही, त्यांच्यावर राग काढायला हे लिहीत नाहीये, तुमचे पैसे आणि वर्षं वाचावीत म्हणून लिहितेय.

एक आकडा आधी सांगते, कारण हा कळल्यावर मी पुढचं सगळं गांभीर्याने घेतलं. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्याला ऑइल ॲण्ड ग्रीसची मर्यादा लिटरमागे १० मिलिग्रॅम आहे. आता १,००० चौरस मीटरच्या यार्डावर १० मिलिमीटर पाऊस पडला की १०,००० लिटर पाणी होतं. त्यात फक्त १०० ग्रॅम तेल मिसळलं की तुम्ही मर्यादेला टेकलात. १०० ग्रॅम म्हणजे एक कटिंग चहाचा ग्लास! आमच्याकडे एका बादलीच्या बुडाशी एवढं ऑइल राहतं आणि ती बादली आम्ही निवांत यार्डात उलटी ठेवायचो.

तर पहिली खरेदी, स्पिल किट, म्हणजे सांडलेलं तेल टिपायचं सामान. ५० लिटरचं घेतलं, साडेआठ हजाराला पडलं. पिवळी बॅग, आत पांढरे पॅड, लांबट सॉक म्हणजे भुशाने भरलेल्या कापडी नळ्यांसारखे असतात ते, दोन उशा, हातमोजे, कचऱ्याच्या पिशव्या. यात रंगाचा फार फरक पडतो आणि दुकानदार तो सांगतोच असं नाही. पांढरे पॅड फक्त तेल पितात, पाणी अंगाला लावून घेत नाहीत, राखाडी पॅड पाणी तेल काहीही पितात, पिवळे केमिकलसाठी. आपल्याकडे पावसाळ्यात तेल सांडतं ते ओल्या जमिनीवर, तिथे राखाडी टाकला तर तो पावसाच्या पाण्यानेच फुगून बसतो आणि तेल बाजूने निघून जातं. त्यामुळे यार्डासाठी पांढरेच घ्या, राखाडी आत शॉपफ्लोअरवर कूलंटसाठी ठीक आहेत, कारण कूलंटमध्ये बहुतेक पाणीच असतं आणि ते पांढऱ्याला चालत नाही. लाकडाचा भुसा आपण सगळे पिढ्यान्‌पिढ्या वापरतो, शॉपच्या आत तो बराही आहे, पण पावसात भुसा म्हणजे तेलाला गटारापर्यंत न्यायची होडी. तो पाणी पितो, तरंगतो आणि जातो.

किटची खरी परीक्षा त्याच जुलैला झाली. फोर्कलिफ्टचा काटा ६८ नंबर हायड्रॉलिक ऑइलच्या भरलेल्या २१० लिटरच्या ड्रममध्ये घुसला, बाहेर पाऊस, ड्रम यार्डातल्या गटाराच्या जाळीपासून जेमतेम १५ फुटांवर. आणि किट कुठे होतं तर स्टोअरमध्ये, कुलपात, आणि किल्ली घेऊन स्टोअरकीपर जेवायला गेलेला. आमचे लेथवरचे मामा, बाबांच्या वेळचे, ते धावत आले आणि त्यांनी जे सुचलं ते केलं, अंगातला शर्ट काढून जाळीवर टाकला आणि त्यावर उभे राहिले. मी खाली पोचले तेव्हा मामा पावसात बनियनवर उभे होते आणि म्हणत होते ताई आधी ड्रम फिरवा, ड्रम फिरवा. भोक खाली होतं, तेल येतच होतं, आणि आम्ही सगळे पॅड शोधत होतो. अंदाजे ६० लिटर गेलं, त्यातलं निम्मं तरी गटारात गेलं असणार, मला त्याचं आजही वाईट वाटतं. यात किटची चूक शून्य. किट उघडल्यावर त्याने काम चोख केलं, सॉक जमिनीला चिकटून बसले, पॅड टाकले की दोन मिनिटांत तेल ओढून जड होतात, पिळून पुन्हा एकदा वापरता येतात. पण आता आमच्याकडे दोन किट आहेत, दोन्ही यार्डाच्या दारात, कुलूप नाही, वर झाकणाचा डबा कारण ऊन-पावसात ते पॅड खराब होतात, आणि डब्यावर मामांच्या सांगण्यावरून तीनच ओळी रंगवल्यात: आधी गटार बंद, मग भोक वर, मग पुसा. किटला ५ पैकी साडेचार. अर्धा कापला तो बॅगेवरच्या "५० लिटर" या शब्दासाठी, तो आकडा आतल्या सगळ्या सामानाची बेरीज आहे, सगळं पूर्ण भिजलं तर. प्रत्यक्षात घाईत ३०-३५ लिटर उचललं तरी खूप, म्हणजे एका ड्रमला एक किट पुरत नाही हे धरूनच घ्या.

वापरलेले पॅड कचऱ्याच्या गाडीत टाकायचे नाहीत हेही लिहून ठेवते. तेलाचे पॅड, तेलाच्या चिंध्या, कॉटन वेस्ट हे सगळं २०१६ च्या नियमांप्रमाणे हजार्डस वेस्ट म्हणजे घातक कचरा आहे, यूज्ड ऑइल तर आहेच, रिकामे ड्रमसुद्धा. ९० दिवसांच्या वर साठवायचं नाही, मॅनिफेस्ट (कोणी कोणाला किती दिलं याचा कागद) करून अधिकृत माणसालाच द्यायचं. आमचं रांजणगावच्या कॉमन फॅसिलिटीला जातं. भंगारवाले काका चांगले आहेत पण तेल लागलेला ड्रम त्यांना आता मी देत नाही, ते कुठेतरी ओढ्याकाठी धुणार आणि विकणार.

आता मुख्य गोष्ट, ऑइल सेपरेटर. यात सगळ्यात जास्त पैसे गेले, सिव्हिल कामासकट १ लाख ३५ हजार, आणि सगळ्यात जास्त मनस्तापही इथेच. जमिनीत पुरलेली टाकी, आत तीन कप्पे, मधल्या कप्प्यात तिरक्या प्लास्टिकच्या प्लेटा. पाणी हळू वाहतं, तेलाचे थेंब प्लेटांना चिकटून मोठे होतात, वर येतात, वर तेलाचा थर जमतो, खालून स्वच्छ पाणी पुढे जातं, तत्त्व एकदम साधं आणि पटण्यासारखं. विकणारा माणूस एप्रिलमध्ये आला, कडक उन्हात, यार्ड बघितलं, टेप लावली नाही, पाणी कुठून कुठे जातं विचारलं नाही आणि म्हणाला मॅडम हे बसवा, एक थेंब तेल बाहेर जाणार नाही, एमपीसीबीवाले (प्रदूषण नियंत्रण मंडळ) खूष. ताशी ५,००० लिटरचं मॉडेल दिलं. मीही काही विचारलं नाही, ती माझी चूक.

पहिले दोन महिने मी रोज झाकण उघडून बघायचे, वर काळा थर दिसायचा आणि इतकं बरं वाटायचं, म्हणजे हे सगळं आधी नदीत जात होतं आणि आता इथे थांबतंय. पण शेवटच्या कप्प्यातून जे बाहेर पडायचं ते पांढुरकं, दुधासारखं. मी फोन केला, ते म्हणाले सेटल होईल. नाही झालं, कारण ते होणारच नव्हतं. मिसळीच्या कटावर तर्री कशी वेगळी दिसते, चमच्याने बाजूला काढता येते, तसं हायड्रॉलिक ऑइल, गिअर ऑइल, डिझेल. पण कूलंट म्हणजे दूध, त्यात तेल इतकं बारीक करून पाण्यात मिसळलेलं असतं आणि मिसळूनच राहावं म्हणून त्यात वेगळं केमिकल घातलेलं असतं, ते कितीही वेळ शांत ठेवा, वर येत नाही. कुठलाही कप्प्यांचा सेपरेटर कूलंट वेगळं करू शकत नाही, याला स्वस्त महाग असं काही नाही, ते त्याचं कामच नाही. मशीनिंगचं वर्कशॉप आहे हे बघून सुद्धा विकणाऱ्याने हे सांगितलं नाही याचा मला राग आहे. आणखी एक, यार्ड धुताना आमची पोरं डीग्रीझर (तेल-ग्रीस काढायचं केमिकल) वापरायची, स्वच्छ दिसतं म्हणून. डीग्रीझर घातलं की साधं तेलही दूध होतं आणि सेपरेटरमधून सरळ निघून जातं, हेही आम्हाला वर्षभराने कळलं.

आणि मग ऑगस्टमध्ये एक दिवस, दुपारी तास-दीड तास असा काही कोसळला की यार्डात घोट्याएवढं पाणी. तो ओसरल्यावर गेटबाहेरच्या गटारात जाड काळी साय. दोन महिने टाकीत जमवलेलं तेल पावसाने एका तासात उचलून बाहेर नेऊन टाकलं होतं. म्हणजे थेंबथेंब जाण्याऐवजी एकदम गेलं. मी त्या दिवशी घरी जाऊन जेवले नाही.

सेपरेटर उखडून टाकायचा असंच माझ्या डोक्यात होतं. तेवढ्यात आमच्या एका जुन्या कस्टमरने एका काकांचा नंबर दिला, मोठ्या कंपनीच्या युटिलिटीतून रिटायर झालेले, आता छोट्या युनिट्सना सल्ला देतात, १२,००० फी. हा रिव्ह्यू खरं तर मला त्यांच्या सर्व्हिसचा लिहायचा होता. मी म्हटलं काका कधी येता, ते म्हणाले ताई पाऊस पडायला लागला की फोन करा, कोरड्यात मला काही दिसत नाही. सप्टेंबरमध्ये एक दिवस सकाळी सुरू झाला, मी फोन केला, पाऊण तासात छत्री, गमबूट आणि खिशात कोळशाचा तुकडा घेऊन हजर. खडू ओल्यात उमटत नाही म्हणून कोळसा. चहा नको म्हणाले, पाऊस थांबेल.

दोन तास ते नुसते पाण्यामागे चालले. पाणी कुठून निघतं, कशाला लागतं, कुठे वळतं, कुठल्या जाळीत पडतं, भिंतीवर कोळशाने बाण. आम्ही तिथे ३० वर्षं वावरतोय आणि त्या दोन तासांत जे कळलं ते आम्हाला माहीत नव्हतं. शेडच्या पत्र्याची पन्हळ जिथे खाली उतरते तो पाइप बरोबर चिप्सच्या ढिगाऱ्याच्या डोक्यावर पडत होता! ९०० चौरस मीटर पत्र्याचं सगळं स्वच्छ पाणी आम्ही चिप्सवर ओतत होतो आणि मग ते साफ करायला लाखभराची टाकी बसवली होती. कॉम्प्रेसरचा ड्रेन पाइप, ज्यातून हवेतलं पाणी आणि त्याबरोबर कॉम्प्रेसरचं ऑइल येतं, तो मागच्या भिंतीतून थेट पावसाळी गटारात. हा तर उन्हाळ्यातही चालू असतो, पावसाचा संबंधच नाही. हात धुवायचं बेसिन, जिथे पोरं ग्रीसचे हात धुतात, तेही तिथेच. डीजी सेटच्या डिझेल टाकीखाली गळती अडवणारा कट्टा होता पण कट्ट्याला कोणीतरी पाणी साचतं म्हणून भोक पाडलेलं. ड्रम उघड्यावर उभे ठेवलेले, वरच्या काठात पाणी साचलेलं, आणि काकांनी सांगितलं की हे पाणी बुचातून आत ओढलं जातं, दिवसा ड्रम तापतो, रात्री किंवा पावसात गार होतो, आतली हवा आकसते आणि बुच घट्ट असलं तरी थोडं थोडं पाणी आत खेचते, म्हणजे नवीन ऑइलही खराब. बाहेर ठेवायचेच असतील तर आडवे ठेवा आणि दोन्ही बुचं घड्याळातल्या ३ आणि ९ च्या रेषेत येऊ द्या. हे आमच्या ऑइलवाल्यानेही कधी सांगितलं नव्हतं.

मग आत येऊन चहा घेता घेता त्यांनी पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. ९०० मीटर पत्रा, ६०० मीटर यार्ड, एकूण १,५००. ताशी ४० मिलिमीटर पाऊस म्हणजे भोसरीत फार विशेष नाही, त्याचं पाणी होतं ६०,००० लिटर, आणि तुमची टाकी ५,००० ची. ताई, टाकी वाईट नाही, तुम्ही तिच्या तोंडात नदी घातलीय, असं म्हणाले. पत्र्याचं पाणी स्वच्छ आहे ते वेगळं बाहेर काढा. यार्डातली जिथे खरंच तेलाचं काम होतं ती जागा किती? आम्ही मोजली, ड्रम, लोडिंग, भंगार धरून १२० मीटर. तेवढीच जागा टाकीला जोडा, तिच्याभोवती कोब्याचा बुटका उंबरठा घाला, गाडी चढेल असा. १२० मीटरवर ४० मिलिमीटर म्हणजे ४,८०० लिटर. टाकी बरोब्बर पुरते. मी तो कागद लॅमिनेट करून ऑफिसात लावलाय.

काम काय झालं तर आधी पन्हळीचा पाइप लांबवला, पीव्हीसी, बेंड, क्लॅम्प, प्लंबर, सगळे मिळून ३,२०० रुपये. आमच्या सगळ्या खर्चात सगळ्यात जास्त उपयोग या ३,२०० चा झाला. मग चिप्सवर पत्र्याची शेड, तीन बाजूंनी बंद, खाली उतार आणि कडेला छोटा खड्डा, त्यात निथळलेलं कूलंट जमतं. ६२,००० गेले, पण ते कूलंट गाळून आम्ही मशीनला परत वापरतो आणि चिप्स कोरड्या झाल्यामुळे भंगाराचा भावही जरा बरा मिळतो, आधी ओल्याचं वजन कापायचे. त्याआधी आम्ही ताडपत्री टाकायचो, ती ताडपत्री काकांनी एका नजरेत बाद केली, चिप्सने तिला भोकं पडतात आणि संध्याकाळच्या शिफ्टला कोणी परत झाकत नाही, खरंच होतं ते. कॉम्प्रेसरचं पाणी आता कॅनमध्ये, बेसिन आतल्या ड्रेनेजला, कट्ट्याचं भोक बुजवलं आणि त्या जागी बाहेरून बंद करता येणारा वॉल्व्ह. कट्ट्यात साचलेलं पाणी आधी डोळ्यांनी बघायचं, तवंग नसेल तरच वॉल्व्ह उघडायचा, आणि काम झालं की बंद करूनच हलायचं.

काकांना ५ पैकी ५. एकच तक्रार, रिपोर्ट हाताने लिहिलेला मिळतो आणि तो ऑडिटला दाखवायला मला टाइप करून घ्यावा लागला. पण त्यात भाषा अशी की सुपरवायझरला वाचून दाखवली तर दुसऱ्या दिवशी काम सुरू होतं.

आणि सेपरेटरला? आधी मी १ देणार होते. आता योग्य जागी, योग्य पाण्यावर, कूलंट न येऊ देता, त्याला साडेतीन देते. दर १५ दिवसांनी वरचं तेल काढावं लागतं, खालचा गाळ पावसाळ्याआधी आणि मध्ये एकदा, नाहीतर कप्पे भरून टाकी लहान होते. हे काम कोणाचं ते ठरवून नाव लिहून ठेवा, आमच्याकडे आधी ते सगळ्यांचं होतं म्हणजे कोणाचंच नव्हतं. विकणाऱ्याच्या सर्व्हिसला मात्र १, तेही टाकी गळत नाही म्हणून.

स्पिल पॅलेट आणि ड्रेन मॅट राहिलेच. स्पिल पॅलेट म्हणजे जाळीचा प्लास्टिक पाट, खाली हौद, वर ४ ड्रम राहतात, एक ड्रम पूर्ण फुटला तरी हौदात मावावा असा असतो. वस्तू चांगली, पण उघड्यावर ठेवू नका, आम्ही ठेवला. साधारण सव्वा मीटर बाय सव्वा मीटरचा पाट, पाऊस सरळ जाळीतून आत, जुलैमध्ये काही दिवसांतच हौद काठोकाठ. मग ड्रम गळला तर तेल वर तरंगून बाहेर. आता तो शेडमध्ये आहे आणि तिथे उत्तम आहे, ४.

ड्रेन मॅट म्हणजे जाळीवर अंथरायची जाड मऊ चिकट चादर, ड्रम फुटल्यावर आधी गटार बंद म्हणतात ते यानेच. मामांच्या शर्टाची जागा हिने घेतली असं आमच्याकडे म्हणतात. तेल सांडलंय असं धरून केलेल्या पहिल्या सरावाला ती गळली, कारण जाळीच्या भोवतीचा कोबा खडबडीत, तुटका. मग जाळीभोवती वीतभर रुंद गुळगुळीत सिमेंटचा पट्टा करून घेतला, आता पाणी टाकून बघितलं तर थेंब जात नाही. जाळीपेक्षा चारी बाजूंनी वीतभर मोठी घ्या, साबणाने धुऊन पुन्हा वापरता येते, भिंतीवर टांगून ठेवा, घडी घालून ठेवली तर चिकटून बसते. ४.

लॅबचं पण सांगते. पाण्याचा नमुना द्यायचा तर पाऊस सुरू झाल्यावर पहिल्या अर्ध्या तासात घ्या, सगळी घाण त्यातच असते, नंतरचं पाणी कोणाचंही चांगलंच येतं. आणि तेलासाठी नमुना काचेच्या बाटलीतच, थेट बाटलीत, बादलीतून ओतून नाही, कारण तेल प्लास्टिकला आणि बादलीला चिकटून राहतं आणि रिपोर्ट खोटा चांगला येतो. आमच्याकडे लॅबचा मुलगा पाण्याची प्लास्टिक बाटली घेऊन आला होता, काकांनी त्याला प्रेमाने समजावून परत पाठवला. काकांनी आणखी एक सांगितलं, अमेरिकेत १९९० पासून कारखान्यांच्या पावसाच्या पाण्याला वेगळं परमिट लागतं आणि तिथे दर तिमाहीला पारदर्शक बाटलीत ते पाणी घेऊन नुसतं डोळ्यांनी बघायचं असतं, रंग, वास, गढूळपणा, तवंग, फेस, आणि लिहून ठेवायचं. आपल्याकडे पाण्याच्या कायद्यात, १९७४ च्या, कलम २४ प्रमाणे नाल्यात, विहिरीत, गटारात, जमिनीवर घाण सोडायची नाही एवढं स्पष्ट आहेच, ती पावसाने नेली म्हणून आपली नाही असं होत नाही. आम्ही बाटलीची पद्धत उचलली. खर्च काहीच नाही, लोणच्याची रिकामी काचेची बरणी स्वच्छ धुऊन घेतली, पहिला पाऊस आला की मामा शेवटच्या चेंबरमधून ती भरतात आणि ऑफिसच्या खिडकीत तारीख लावून ठेवतात.

आता कोणी मला विचारलं की ५०,००० आहेत, काय घेऊ, तर मी सांगेन आधी एक दिवस पावसात छत्री घेऊन आपल्या आवारात फिरा, मग पन्हळीचे पाइप, मग चिप्सवर आणि ड्रमवर छप्पर, मग दोन किट आणि एक मॅट. सेपरेटर सगळ्यात शेवटी, आणि घेताना दोनच प्रश्न विचारा, माझी जागा किती चौरस मीटर धरलीत आणि कूलंट आलं तर काय होईल. दुसऱ्या प्रश्नाला तो "काही होत नाही" म्हणाला तर चहा पाजून वाटेला लावा.

खिडकीत सध्या तीन बरण्या आहेत. २०२३ ची सप्टेंबरमधली आहे, वर काळी आणि खाली दुधाळ, तिला आम्ही झाकण उघडत नाही. २०२४ ची गढूळ आहे पण तवंग नाही, फक्त तळाला गंज आणि माती. या जूनमध्ये मामांनी तिसरी भरली, उजेडात धरली, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले ताई, थोडी माती आहे अजून, गेटजवळचा कोबा फुटलाय तिथून येतेय. तो कोबा दिवाळीनंतर करायचा ठरवलंय.